एका कपाटाला एकच हात

बाबांनी सगळ्यांना घरात न बोलावता कारखान्यात बोलावलं, तेव्हाच वहिनीनं ओळखलं, हे साधं बोलावणं नाही. घरातलं बोलावणं म्हणजे औषधं, गळकी गच्ची, फार तर कोणाच्या लग्नाला कोणी जायचं ते. कारखान्यातलं बोलावणं म्हणजे कामाचं, जुन्या लाकडी सामानाच्या दुरुस्तीचं. या माणसांची थट्टामस्करी साऱ्या जगावर चालायची, फक्त लाकडावर चालत नसे.

त्यातून सुट्टीचा दिवस. मोठं दार आतून लावलेलं, उंच खिडक्यांतून सकाळचं ऊन भुशावर पडलेलं. बसायचं कुठे, हा नेहमीचा घोळ झालाच. कारखान्यात खुर्च्या हव्या तेवढ्या, पण एकीचा पाय निघालेला, दुसरीची वेताची बैठक उसवलेली, तिसरी परवाच सरसानं जोडलेली. आणि ज्या धडधाकट त्या गिऱ्हाइकाच्या, म्हणजे त्यांच्यावर टेकणं हा गुन्हाच. शेवटी आत्या कापसाच्या गाठोड्यावर बसल्या. थोरला, म्हणजे वहिनीचा नवरा, कामाच्या टेबलाला टेकून उभा राहिला. धाकट्यानं एक खोका उलटा केला, त्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि मगच बूड टेकलं. बँकेत साहेब झाल्यापासून त्याच्या पँटला भुसा चालत नसे.

"आलाय मोठा पेपर घालून बसणारा," आत्या म्हणाल्या. "याच भुशात लोळून वाढलास."

"म्हणूनच, आत्या. कोटा पूर्ण झाला माझा."

"आणि बायको कुठंय?"

"तिला स्पिरिटच्या वासानं डोकं चढतं."

"आम्हाला तिच्या सेंटनं चढतं, पण आम्ही जातो ना तुमच्या घरी."

एरवी वहिनी खुदकन हसली असती. आज ती खिडकीपाशी हाताची घडी घालून उभी होती आणि कारखान्याच्या मधोमध चादरीखाली उभ्या असलेल्या कपाटाकडे मुळीच बघत नव्हती. तिला वाटत होतं, आपणच तेवढ्या बघत नाही आहोत. खरं म्हणजे तिथलं कोणीच बघत नव्हतं, पण ते ध्यानात यायला तिला आणखी थोडा वेळ लागायचा होता.

बाबा आतल्या खोलीतून आले. अंगात कामाचा ॲप्रन होता आणि हातात किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी कोणाला बस म्हटलं नाही, ऊठ म्हटलं नाही. सरळ कपाटापाशी गेले आणि चादर ओढून काढली.

"बघा," ते म्हणाले.

कपाट त्यांच्या आईचं. त्यांच्या वडिलांनी स्वतः अक्रोडाच्या लाकडात करून दिलेलं, दोन दारांचं, वर नुसती एक वळणदार पट्टी, बाकी नक्षी नाही की नखरा नाही. गेल्या वर्षी भिंतीतला पाण्याचा पाइप फुटला आणि घर जागं होईपर्यंत कपाटाची पाठ कुजली, दारं फुगली, पॉलिश पापुद्रे होऊन निघालं. घरात दुसऱ्याच्या वस्तू बऱ्या करणारी चार माणसं, आणि आपल्याच वस्तूपुढे सगळी हतबुद्ध होऊन उभी राहिली होती. तेव्हा बाबा म्हणाले होते, हे मी करीन. एकटा करीन.

आणि त्यांनी केलंही होतं. पाठ नवी बसवली, दारं वाळवून सरळ केली, सांधे इतके बेमालूम मिळवले की नख फिरवलं तरी अडत नव्हतं. उरलं होतं लाखेचं पॉलिश. ज्या पॉलिशसाठी लांबलांबून लोक बाबांचं नाव काढत यायचे, ते पॉलिश या दारांवर दुधावरची साय आक्रसावी तसं आक्रसलं होतं. जागोजागी पांढरी झाक, मधे चिकट पट्टे, वरच्या कडेला तर धूळ बसून कायमची अडकलेली.

"महिना झाला," बाबा म्हणाले. "रोज सकाळी बोटं लावून बघतो. चिकट. मग घासून काढतो, नवा थर देतो, पातळात पातळ देतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आधी वाटलं लाख जुनी झाली. नवी आणली. मग वाटलं स्पिरिट खराब. तेही बदललं. आता बदलायचं काय राहिलं? मीच."

"दादा, काहीतरी बोलू नकोस," आत्या म्हणाल्या.

"काहीतरी नाही बोलत. कप धरला की बशीवर वाजतो, हे तुम्ही सगळे ऐकता आणि वर्तमानपत्रात तोंड घालता. मला दिसत कमी असेल, ऐकू चांगलं येतं. डोळ्यांपुढे धुकं असतं ते असतंच. मी म्हणत होतो, डोळे गेले तर गेले, हात आहे. आता हातही गेला. आईच्या कपाटावर गेला, तेवढंच वाईट वाटतं."

 बाबांनी किल्ल्या थोरल्यापुढे धरल्या.

"घे. आजपासून कारखाना तुझा. कोणाचं काम घ्यायचं, कोणाला परत पाठवायचं, तू बघ. मी इथे पाऊल टाकणार नाही. आलो तर तुम्हाला चुका सांगत बसेन, आणि ज्याला स्वतःला येत नाही त्यानं दुसऱ्याच्या चुका काढू नयेत."

थोरल्यानं किल्ल्या घेतल्या. किती वर्षं या किल्ल्यांवर त्याचा डोळा होता, ते वहिनीइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानं कितीदा तरी हा कारखाना आपल्या मनासारखा लावला होता. कामाचं टेबल उत्तरेच्या खिडकीखाली सरकवलं होतं, वजनदार पंखा काढून टाकला होता. आता किल्ल्या हातात आल्या आणि तो त्यांच्याकडे अशा नजरेनं बघत होता की जणू कोणीतरी मेलेला उंदीर हातात दिलाय.

"आणि पॉलिशचं टेबल सूनबाईचं," बाबा म्हणाले. त्यांनी ॲप्रनची गाठ सोडली. "तिचा हात आता माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी आधीच म्हणायला पाहिजे होतं. माझं सगळं उतरवून कपाटही तीच नव्यानं करेल."

या एका वाक्यासाठी वहिनीनं काय काय सोसलं होतं! लग्न होऊन आली तेव्हा तिला लाख आणि डिंक यांतला फरक कळत नव्हता. बाबांनी तिच्या हातात मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा दिला आणि फेरे घ्यायला शिकवलं, गोल, न थांबता, न टेकता. केलेलं पुसून टाकायला लावलं. पुन्हा पुसायला लावलं. तोंडातून 'चांगलं' हा शब्द काढायचा तर त्यांचा जीव जायचा; फार खूश झाले तर 'चालेल' म्हणायचे. आणि आज सगळ्यांसमोर ते म्हणाले, माझ्यापेक्षा चांगला. वहिनीला वाटलं, भुईनं पोटात घ्यावं.

कारण बाबांचं कपाट तिनं बिघडवलं होतं.

या कारखान्यात नियम फार नव्हते, पण एक होता आणि तो कोणी मोडत नसे. एका वस्तूला एकच हात. ज्यानं पॉलिशला सुरुवात केली त्यानंच ते संपवायचं. मधेच ताप आला तर वस्तू ताप उतरेपर्यंत थांबायची, मग गिऱ्हाईक कितीही नाचो. प्रत्येकाचा दाब वेगळा, बोळ्याची ओल वेगळी, घाई वेगळी, आणि लाख हे सगळं जसंच्या तसं धरून ठेवते. दोन हात एकमेकांवर चढले की काम गेलंच.

हे तिला नीट माहीत होतं. तरी एका दुपारी, बाबा जेवून पडले असताना, तिला डाव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात एक ओशट डाग दिसला. बाबांच्या डोळ्यांना तो दिसला नसणार. उद्या कोणीतरी येईल, बघेल, बोलेल, आणि बाबांना कळेल की आपल्याकडून डाग सुटला. तिच्यानं राहवलं नाही. बोळा घेऊन तिनं दोन फेरे दिले, फक्त दोन, आणि डाग गेला. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे दिसला. मग रोजच काहीतरी दिसायला लागलं, आणि बाबांचा डोळा लागला की वहिनी चोरपावलांनी कारखान्यात यायला लागली. जितकं ती निस्तरायला जाई तितकं ते चिघळत होतं. तरीही थांबायचं तिच्या मनात आलं नाही, कारण थांबली असती तर बाबांचं काम उघडं पडलं असतं.

आता बाबा ॲप्रन डोक्यावरून काढत होते. एक हात ॲप्रनच्या पट्ट्यात अडकला होता आणि धाकटा मदतीला उठला होता.

गप्प बसलं तर बाबा उद्यापासून खिडकीत बसून रस्ता बघत राहणार, आणि ते किती दिवस तसे बसू शकतील हे तिला माहीत होतं. बोललं तर त्यांना कळणार की आपल्या सुनेचाच आपल्या हातावर विश्वास नव्हता. दोन्हीकडून त्यांनाच लागणार होतं. पण गप्प बसणं खोट्यावर उभं होतं.

"बाबा, थांबा," ती म्हणाली. "ॲप्रन काढू नका. ते मी केलंय."

"काय केलंस?"

"कपाटावर हात चालवला. तुम्ही दुपारी पडायचात तेव्हा. रोज."

थोरल्यानं झटकन वर बघितलं. त्याच्या नजरेत राग होता असं तिला वाटलं, आणि वाटणारच. नवऱ्याच्या हातात किल्ल्या पडून पाच मिनिटं झाली नव्हती आणि बायको त्या काढून घ्यायला निघाली होती.

 बाबा हसले, पण ते हसणं वहिनीला नको होतं.

"सूनबाई, तुझं मन मला कळतं. म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून स्वतःवर घेतेयस. तू असा नियम मोडशील? तुला मी शिकवलंय."

"खरंच मोडला, बाबा."

"नाही. तू तशी नाहीस."

झाली का पंचाईत! खरं सांगायला जीव मुठीत धरावा आणि समोरच्यानं विश्वासच ठेवू नये. वहिनीला रडूही येईना. तेवढ्यात कापसाच्या गाठोड्यावरून आवाज आला.

"ती तशी असेल नसेल. मी आहे."

सगळ्यांनी आत्यांकडे बघितलं. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. वेत विणण्यात आणि गाद्या भरण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण पॉलिशला त्यांनी हात लावलेला कोणी पाहिला नव्हता.

"तू?" बाबा म्हणाले.

"संध्याकाळी. तू फिरायला गेलास की. वरच्या पट्टीवर जरा ओघळ आलेला दिसला, म्हटलं पुसून घेऊ. तर ते सगळंच पुसलं गेलं. मग काय करणार? परत लावलं."

"आत्या, तुम्हीसुद्धा?" वहिनीच्या तोंडून निघून गेलं.

"सुद्धा काय म्हणतेस? मला काय माहीत तू दुपारी येतेस? मला वाटायचं हा दादाच दिवसेंदिवस बिघडत चाललाय."

मग आत्यांनी मान वळवली आणि थोरल्याकडे बघितलं. वहिनीनंही बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या की काय समजायचं, हे बायकोला शिकवावं लागत नाही. तिला राग वाटला होता तो राग नव्हताच.

"तुम्ही सकाळी लवकर उठून कुठे जायचात हो?" तिनं विचारलं. "व्यायामाला ना?"

थोरल्यानं किल्ल्या हळूच टेबलावर ठेवल्या.

"बाबांनी पहिला थर दिला त्याच्या दुसऱ्याच दिवशी," तो म्हणाला. "आदल्या रात्री चहाचा कप हातातून पडला होता त्यांच्या. मी घाबरलो. सकाळी येऊन बघतो तर दारावर ढग उठलेले. मला वाटलं, झालं, संपलं. म्हणून मी..."

"पहिल्या थराला ढगच उठतात, गाढवा," आत्या म्हणाल्या. "लाकूड कुठे जास्त पितं, कुठे कमी. तुला काय ते आज कळलं?"

"माहीत होतं. पण घाबरल्यावर माहीत असलेलं आठवतंय कुठे?"

बाबा एकेकाच्या आवाजाच्या दिशेनं मान फिरवत होते. चेहऱ्यावर अजून विश्वास नव्हता.

"तुम्ही ठरवून आलात," ते म्हणाले. "तिघांनी मिळून ठरवलंत, बाबांना असं सांगायचं. चांगली माणसं आहात. पण मला असल्या गोष्टींनी बरं वाटायचं नाही."

"मग हात लावून बघा," वहिनी म्हणाली. तिला एकदम सुचलं आणि सुचताक्षणी तिची भीती निम्मी झाली. "तुम्ही महिनाभर चिकट आहे की नाही एवढंच बघत होतात. कोणाचा हात आहे ते कधी बघितलंत? आता बघा. आम्ही कोणी बोलणार नाही."

हे बाबांना येत होतं, आणि फक्त त्यांनाच येत होतं. डोळे चांगले होते तेव्हासुद्धा ते पॉलिश डोळ्यांनी ओळखत नसत. बोटांची मागची बाजू हलकेच टेकवायची आणि नेत जायचं. गिऱ्हाइकांसमोर पैज लावून त्यांनी कितीदा तरी सांगितलं होतं, ही खुर्ची सुनेची, हा आरसा थोरल्याचा.

ते कपाटाकडे वळले. हवेत त्यांचा हात थरथरत होता. दाराला टेकला आणि थरथर थांबली.

बोटांची पाठ दारावरून हळूहळू फिरत गेली. मग बाबांचा चेहरा बदलायला लागला.

"खालचा कोपरा," ते म्हणाले. "ही तू, सूनबाई. तुझा फेरा वळताना नेहमी आत येतो. किती वेळा सांगितलं असेल मी." हात वर गेला. "आणि हा तू, थोरल्या. लहानपणी जेवायचास तसाच पॉलिश करतोस, ताट एकदाचं रिकामं झालं म्हणजे बस." हात आणखी वर गेला आणि कडेवर थबकला. "इथपर्यंत तू पोचलीस? स्टुलावर चढलीस?"

"चढले."

"गुडघे दुखतात म्हणून घरात जिना चढत नाहीस!"

"तुझ्यासाठी चढले होते रे," आत्या म्हणाल्या.

बाबांचा हात उजव्या दारावर आला. तिथे तो मागे गेला, पुढे गेला, पुन्हा मागे गेला. मग त्यांनी बोटं नाकाशी नेली.

"हे काय? हे आपल्यातल्या कोणाचं नाही. हे लाखच नाही. हे मेण आहे!"

सगळ्यांच्या माना एकदम फिरल्या.

"माझ्याकडे काय बघता?" धाकटा म्हणाला. "मी बँकेत असतो."

 धाकट्यानं खोक्यावरचं वर्तमानपत्र सारखं केलं, मग पुन्हा सारखं केलं.

"थोडंसंच लावलं," तो म्हणाला.

"कधी?"

"मागे आलो होतो ना, तुम्ही सगळे जेवायला आत गेलात तेव्हा. दाराला चमकच नव्हती, बाबा. मला वाटलं, वरून जरा मेण फिरवावं, निदान दिसायला तरी..." तो थांबला. तरुणपणी एका गिऱ्हाइकाचं मेज बिघडवलं म्हणून बाबांनी त्याला कारखान्यातून बाहेर काढलं होतं, आणि त्यानंतर तो इथे कधी कशाला शिवला नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. "मला वाटलं, तुमच्यासाठी एवढं तरी मला जमेल," तो म्हणाला.

"ओल्या लाखेवर मेण!" बाबांनी कपाळावर हात मारला. "आणि त्याच्यावर मी दुसऱ्या दिवशी परत लाख देतोय! मेणावर लाख धरेल कशी? जन्मात धरायची नाही!"

ते ओरडत होते. महिन्याभरात बाबा ओरडले नव्हते. त्यांचं ते ओरडणं ऐकून वहिनीला इतकं बरं वाटलं की तिनं तोंडाला पदर लावला. कोडं सगळं उलगडलं होतं. पहाटे एकानं लावायचं, सकाळी बाबांनी घासून नवा थर द्यायचा, दुपारी तिनं, संध्याकाळी आत्यांनी, कोणाचंच वाळायच्या आत दुसऱ्याचं वर. आणि या सगळ्याच्या मधे धाकट्याचं मेण. साक्षात लाख तयार करणारे किडे आले असते तरी त्यांना ते कपाट सुधारता आलं नसतं.

 ओरडून झाल्यावर बाबा एकदम गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले. कोणाची टाप नव्हती त्यांना उठवायची.

"म्हणजे मी नव्हतो?" त्यांनी विचारलं. लहान मुलानं विचारावं तसं विचारलं.

"नव्हतात, बाबा," थोरला म्हणाला.

"थांबा. एवढ्यात सोडू नका मला. बिघडवलंत तुम्ही, मान्य. पण तुम्हाला हात लावावासा का वाटला? काहीतरी दिसलं असेलच की. सगळ्या घराला एकदम का वाटावं की याचं चुकतंय?"

 कप बशीवर वाजत होता हे खरं होतं, डोळ्यांपुढे धुकं होतं हेही खरं होतं. एकावर एक चढलेल्या त्या थरांखाली बाबांचा स्वतःचा थर कसा होता, हे आता कोणालाच सांगता आलं नसतं. वहिनी कपाटाकडे बघत राहिली.

"आतून कोणी केलंय?" तिनं विचारलं.

"आतून?"

"दारांची आतली बाजू, बाबा. फळ्या. तुम्ही नेहमी आतून आधी करता."

"आतून मीच केलं. सगळ्यात आधी. वाळल्यावर कुलूप घातलं."

"किल्ली?"

बाबांनी खिसा चाचपला. छोटी पितळी किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती, जुडग्यात नव्हतीच. आईच्या कपाटाची किल्ली त्यांनी कोणाकडे दिली नव्हती.

वहिनीनं ती मागून घेतली, कुलूप उघडलं आणि दोन्ही दारं सताड उघडली. मग तिनं हातदिवा आणला आणि उजेड दारावर अगदी तिरका धरला. तिरक्या उजेडाला कोणाची भीडमुर्वत नसते. जिथे बोळा थांबला असेल, जिथे ओल जास्त झाली असेल, ते सगळं तो दाखवतो. तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग फळ्या बघितल्या. मग दुसरं दार बघितलं. सासऱ्याचं काम म्हणून बघायचं नाही, असं तिनं मनाशी बजावलं होतं, आणि खरोखरच ती परक्याचं काम बघावं तशी बघत होती. थोरला तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. त्याचा श्वास तिच्या मानेला लागत होता.

"बोल ना गं," आत्या म्हणाल्या.

"बिजागरीपाशी एक फेरा दुसऱ्यावर चढलाय," वहिनी म्हणाली.

"चढलाय ना?" बाबा खुर्चीतून उठले. "मला तेव्हाच वाटलं होतं. तिथे कोपर अडतं."

"बाकी..." तिनं दिवा खाली केला. "बाबा, बाकी मला असं येत नाही. अजून नाही येत. तुम्ही मघाशी म्हणालात ते परत घ्या."

बाबा आले आणि त्यांनी बोटांची पाठ आतल्या बाजूला टेकवली. वरून खाली नेली. बिजागरीपाशी थोडी थांबवली, मान हलवली, पुढे नेली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"चालेल," ते म्हणाले.

वहिनीचा जीव भांड्यात पडला. इतका पडला की ती सरळ भुशात बसली. धाकट्यानं खोक्यावरचं वर्तमानपत्र तिच्यापुढे धरलं. तिनं ते घेतलं आणि डोळे पुसले, तेव्हा सगळी शाई गालाला लागली आणि थोरला तिला हसला. बऱ्याच दिवसांनी हसला होता. त्यानं टेबलावरच्या किल्ल्या उचलल्या आणि बाबांच्या हातात कोंबल्या.

"घ्या तुमच्या," तो म्हणाला. "वीस मिनिटं मालक होतो. मेलो असतो."

"नको होत्या?"

"हव्या होत्या," थोरला म्हणाला. "पण अशा नको होत्या."

बाबांनी किल्ल्या खिशात टाकल्या आणि ॲप्रन सारखा करून गाठ पुन्हा बांधली. "ऐका," ते म्हणाले. "बाहेरचं सगळं उतरवायचं. लाकूड दिसेपर्यंत. मेण निघाल्याशिवाय कोणी बोळ्याला शिवायचं नाही. आणि त्यानंतर तर मुळीच शिवायचं नाही."

"आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे?" आत्यांनी संधी साधली.

"कपाट झाल्यावर."

"दादा."

"झाल्यावर म्हटलं ना. सूनबाई तोवर दिवा धरेल. दिवा धरायला नियम आड येत नाही. फक्त काय दिसतं ते तोंडानं सांगायचं. खरं सांगायचं, मघाशी सांगितलंस तसं."

"सांगेन," वहिनी म्हणाली.

"मी काय करू?" धाकट्यानं विचारलं. त्यानं कोट काढून खोक्यावर ठेवला होता.

"ते मेण कोणी लावलं? मग काढणार कोण? त्या चिंध्या घे. आणि बाह्या वर कर, साहेब."

बाबांनी फळीवरून स्पिरिटची मोठी बाटली उतरवली. बाटली जड होती, गळ्यापर्यंत भरलेली. एका हातात चिंधी आणि दुसऱ्या हातात बाटली धरून ते कपाटापुढे उभे राहिले आणि बाटली तिरकी केली. हात हवेत होता, त्यामुळे थरथरायला लागला. बाटलीचं तोंड चिंधीच्या इकडे गेलं, तिकडे गेलं, स्पिरिट त्यांच्या मनगटावरून ओघळून भुशावर टपकायला लागलं. थोरल्याचा खांदा हलला. आत्यांनी गाठोड्यावर दोन्ही हात घट्ट रोवले. वहिनीचा उजवा हात आपोआप पुढे निघाला होता, तो तिनं डाव्या हातानं धरला.

चौघांपैकी कोणी जागचं हललं नाही. शेवटी चिंधी भिजली. बाबांनी बाटली खाली ठेवली, चिंधी दाराला टेकवली, आणि टेकवल्याबरोबर त्यांच्या हाताची थरथर थांबली.

"असे पुतळ्यासारखे काय उभे राहिलात?" ते पाठमोरेच म्हणाले. "कोणीतरी चहा टाका. आणि माझा कप भरून आणा, अर्धा नको. सांडला तर सांडला."